विहिरीची अमानत

शेषराव कासवाच्या उरलेल्या पाण्यानं आंघोळ करत.

हे मी त्यांची टिंगल म्हणून सांगत नाही. टिंगल करून झाली आहे, सगळ्या चाळीनं मिळून केली आहे आणि तीत मीही होतो. ढोकीला साखर कारखान्याच्या चाळीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. ऐंशीनंतरचे कोरडे दिवस. टँकर आला की बादल्यांची रांग लागायची. शेषराव आपल्या वाट्याचं पाणी आधी कासवाला देत. आदल्या दिवशीचं पाणी फडक्यानं गाळून बादलीत घेत आणि मोरीत शिरत. बाहेर आले की अंगाला शेवाळाचा मंद वास येई.

रांगेत एखादी बाई कुरकुरायची, "हितं माणसाला प्यायला न्हाय, अन् यांचं जनावर पवतंय!"

"थेंब वाया जात न्हाय, बाई," शेषराव ताडकन म्हणत. "आदी त्याचं, मग माजं. दोघांत एकच पाणी."

ते कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. पन्नाशी उलटलेली, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. आणि बसणं म्हणून नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवणही ताट हातात घेऊन ओट्याशी. आमच्या घरी आले तरी चौकटीत उभे. "बसा की, काका," असं माझी बायको म्हणायची. "बसतो की, सूनबाई," म्हणत ते या पायावरून त्या पायावर होत. भूमकडून एसटी आली की धावत जाऊन कंडक्टरला विचारायचे, "तिकडं पाऊस पडला का?"

कारण कासव त्यांचं नव्हतंच. भूमजवळच्या त्यांच्या गावी, त्यांच्या वस्तीच्या विहिरीतलं होतं ते. विहिरीत कासव असलं की पाणी साफ राहतं, अशी आमच्याकडं समजूत आहे. ही विहीर वस्तीतल्या माणसांनी आधीच्या मोठ्या दुष्काळात स्वतः खणलेली. त्याआधी दुसऱ्यांच्या विहिरीवर घागरी मांडून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उभं राहावं लागे. शेषराव हे एकदाच बोलले, तेही दुसरीकडं बघत. माझ्या गावी आमच्या घरची विहीर होती, बारा महिने पाण्याची. त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही.

ती वस्तीची विहीर त्या वर्षी तळाला गेली. चिखलात कासव उरलं. नोकरीचा माणूस, पगाराचा माणूस म्हणून वस्तीनं ते शेषरावांच्या हवाली केलं. पाणी आलं की परत करायचं.

"पाळलेलं न्हाय हे," ते प्रत्येकाला सांगत. "अमानत हाय."

म्हणून त्यांनी त्याला नावही ठेवलं नाही. "दुसऱ्याच्या लेकराला आपुन नाव ठिवतो व्हय?" माझ्या बायकोला मात्र त्या कासवाचा थाट बघवेना. ताजं पाणी काय, मेथीची कोवळी पानं काय! ती म्हणाली, "काका, जावईबापू म्हणा की सरळ!" चाळीनं ते नाव उचललं. शेषराव लाल झाले. दोन दिवस आमच्या चौकटीत आले नाहीत.

उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर त्यांनी एकदा कासव ठेवलं. काटा हलला नाही. "वाळलं जी," म्हणून त्या दिवशी ते जेवले नाहीत. गाड्यांच्या काट्यावर एवढं वजन उमटतच नाही, असं मी म्हणालो. तर म्हणे, "अमानत हाय. उमटाया पायजे."

आधी कासव घमेल्यात होतं, मग कापलेल्या पिंपात. तिथं ते दिवसभर पत्र्यावर नखं खरवडत फिरे. भिंतीपलीकडून आम्हाला तो आवाज यायचा, आणि त्याच्यामागे शेषरावांच्या चपलांचा. दोघेही फेऱ्या मारत होते. मग सोलापूरला एका दवाखान्यात शेषरावांनी माशांची काचेची पेटी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात टाकी शिरली.

लोखंडी पट्ट्या भंगारातून आल्या. काचा भूमच्या बंद पडलेल्या कापडदुकानाच्या कपाटाच्या. सांध्यांत भरायला लांबीचा लगदा. रविवारी त्यांच्या खोलीतच, एका टोकाला ते, एका टोकाला मी. टाकी झाली ती खाटेएवढी. बुद्धाच्या तसबिरीखाली ती ठेवली आणि पाणी भरायच्या आधी धुवायला म्हणून बाहेर न्यायला गेलो, तर दारातून जाईना. उभी, आडवी, तिरकी, कशीच जाईना. बाहेर बघ्यांची गर्दी.

"माप घेतलं न्हाय का, शेषराव?"

"घेतलं की," ते म्हणाले. "कासवाचं."

मग थोडा विचार करून, "बरंच हाय. चोरीला जायाची न्हाय."

पाणी भरलं त्या रात्री लांबीनं दगा दिला. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ओल आली, ज्वारीचं पोतं भिजलं. दुष्काळात ज्याच्या घरात पाणी शिरलं असं जिल्ह्यात आमचंच एक कुटुंब असावं. बायको पदर खोचून तरातरा गेली, आणि शेषराव ओल्या फरशीवर पालथे पडून फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळताना पाहून तशीच परत आली. "त्यांना आपली एक बादली नेऊन द्या," म्हणाली. मी बादली उचलली. तिच्या नकळत मी आदल्याच दिवशी एक दिली होती.

टाकी शेवटी टिकली. आत तिरकी शहाबादी फरशी होती, कासवाला चढून ऊन खायला. पण ऊन दारापाशीच थांबायचं. त्यावर शेषरावांनी उपाय काढला. दाढीचा आरसा घेऊन ते अंगणात उभे राहत आणि कवडसा आतल्या कासवाच्या पाठीवर पाडत. सूर्य सरके तसे शेषराव सरकत. अख्खा रविवार. येणारा-जाणारा म्हणायचा, "जावईबापूंचं ऊन झालं का?" ते मान वळवत नसत, कवडसा हलला असता.

आणि त्याच वर्षी पाऊस झाला. चांगला झाला. चाळीत पेढे वाटले. शेषरावांनीही वाटले, उभ्यानं.

गावाकडून त्यांचा चुलतभाऊ किसन आला. "आण्णा, विहीर भरली. कासव न्यायला आलोय."

"आरं, पाणी गढूळ आसंल आजून."

पंधरवड्यानं किसन पुन्हा आला. "निवळलं, आण्णा."

"खाईल काय ते? शेवाळ तरी धरू दी."

तिसऱ्या वेळी किसन बराच वेळ टाकीकडं बघत राहिला. म्हणाला, "आण्णा, बायका इचारत्यात. आपली विहीर हाय, आपलं कासव पायजे."

शेषरावांनी खुंटीवरची टोपी घेतली.

मी सोबत गेलो. एसटीत ओल्या पोत्यात कासव मांडीवर घेऊन ते उभे. मांडी कुठली, पोटाशी धरून उभे. रिकामी सीट होती. गावात शिरताच त्यांनी किराणा दुकानाच्या तागडीत कासव तोललं आणि जमलेल्या लोकांना बजावलं, "दिलं तवापरीस भरलंय. बघून घ्या." मग वस्तीच्या विहिरीवर जाऊन ते टोपलीत घालून दोरानं खाली सोडलं. टोपली टेकली. कासव क्षणभर तरंगलं आणि एकाच हिसड्यात खाली गेलं. बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या. पांगले सगळे.

शेषराव काठावर ओणवे होते. मी हाक मारायला जवळ गेलो, तर ते विहिरीत वाकून हळूच म्हणत होते, "जावईबापू, संभाळून ऱ्हावा."

मी मागं सरलो.

नंतर टाकी तशीच राहिली. काढायची तर मोडावी लागली असती. पुढचा उन्हाळा लागला तसे शेषराव सारखे गावाकडं जाऊ लागले. पाणी बघून येतो म्हणायचे. मे महिन्यात एकदा परतले, ते नेहमीप्रमाणं आमच्या चौकटीत आले.

"काय म्हणतेय विहीर?" बायकोनं विचारलं.

"आटायची न्हाय औंदा."

"चांगलं झालं की!"

"झालं की," ते म्हणाले. "देवानं म्हणा, कुणी म्हणा, चांगलंच केलं." एखादी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा.

"अन् जावईबापू दिसले का?"

"दिसले. वर आले, मुंडकं काढलं."

"ओळखलं का मग?"

शेषरावांनी टोपी काढली. "लई पाणी हाय, सूनबाई," म्हणाले, आणि आमच्या उंबऱ्यावर बसले.