सोनवणेकाकांची घोषणा

सोनवणेकाका बेल वाजवत नाहीत, घोषणा करतात. "कृपया लक्ष द्या. वरच्या मजल्यावरून येणारे सोनवणे ठरल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं उशिरा पोहोचले आहेत." मग चपला काढतात आणि चहा मागतात.

मनमाड स्टेशनात आयुष्यभर माइकसमोर बसलेला माणूस निवृत्त होऊन पंचवटीत नेमका आमच्या डोक्यावर राहायला आला, त्याला आम्ही काय करणार? अभिमान एकच : "खोटी घोषणा कधी केली नाही. गाडी आली नसेल तर आली म्हणायचं नाही." गणपतीत 'प्रसाद थोड्याच वेळात' म्हणणाऱ्या अध्यक्षांशी ते कडाकडा भांडले. थोड्याच म्हणजे किती?

यंदा सोसायटीची सहल ताडोबाला गेली. काकूंची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेलेली. नुसत्या सावल्या दिसतात. तरी हट्टानं आल्या. "अहो, वणीच्या देवीचं वाहन एकदा बघायचंय. उरलेत तेवढ्या डोळ्यांनी."

जिप्सीत काका सुटलेच. "डावीकडून चितळांचा कळप येत आहे. उजवीकडे उभा आहे तो गवा आहे, वाघ नाही. पुढे पिवळं दिसतंय ते गवत आहे, वाघ नाही."

गाइड कळवळला. "काका, हळू बोला ना जी. रानडुकरं पळाली पाहा."

"पळाली नाहीत. रवाना झाली."

मोर दिसले, रानकुत्रे दिसले, झाडावर ओरखडे काढून गेलेल्या अस्वलाचे नुसते ओरखडे दिसले. वाघ काही येईना. फाटक बंद व्हायची वेळ झाली तशी गाडी परत वळली. काकूंनी हळूच विचारलं, "नाही ना आला?"

आता हा गृहस्थ खरं सांगणार, याची मला खात्री होती.

काकांनी काकूंची हनुवटी धरून चेहरा एका सागाकडे वळवला. आवाज एकदम खाली आला, घरातला झाला.

"आलाय. त्या झाडाखाली बसलाय. मोठा आहे गं."

झाडाखाली पाचोळा होता आणि उतरतं ऊन. गाइडनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवली. मी कॅमेरा उचलून त्या पाचोळ्याचे दोन-तीन फोटो काढले, क्लिकचा आवाज यावा म्हणून.

"शेपटी हलवतोय का हो?"

"हलवतोय."

"माझ्याकडे बघतोय?"

काकांनी नुसती मान हलवली. ती काकूंना दिसणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांचा हात दाबला.

काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या सागाला हात जोडले. मग आम्हीही जोडले.