कडुलिंबाचा लेप आणि माझी कावीळ

मला झाडपाल्यातलं कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. घरात कोणी शिंकलं की मी आधी कुंड्यांकडे बघतो, मग शिंकणाऱ्याकडे. त्यामुळे बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मनगटावर बारीक पुरळ उठलं, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

"अहो, ही खरूज आहे," बायको म्हणाली. "मलाही पोटावर खाजतंय. दोघं डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर मलम देणार. मलमं निघायच्या आधी माणसं काय नुसती खाजवत बसायची?"

"हो," ती म्हणाली.

रविवारी मी पिशवीभर कडुलिंबाचा पाला आणला आणि हळद घालून मिक्सरमधून काढला. माझ्या झाडपाल्याच्या पुस्तकात हळद चमचाभर लिहिली होती. मी डबा उपडा केला. गुण यायचा तर भरभरून यावा! मानेपासून पायापर्यंत लेप थापून दोन तास बाल्कनीत वर्तमानपत्रावर बसलो. बायकोने स्वतःला लावून घ्यायला साफ नकार दिला. मग मी अंघोळ केली. हिरवा रंग गेला, पिवळा राहिला. साबणाची वडी संपली, तरी तळवे, नखं आणि कानांच्या पाळ्या पिवळ्याधमक. खाज होती तिथेच होती.

मी बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. सोमवारी मी छत्र्यांना चिठ्ठ्या लावत होतो, तेवढ्यात साहेब आले, माझ्या हातांकडे बघून थबकले आणि म्हणाले, "कावीळ."

"नाही साहेब, ते..."

कावीळवाल्याची लोक विचारपूस करतात. खरूजवाल्यापासून खुर्ची लांब सरकवतात. मी गप्प बसलो, आणि तिथेच चुकलो.

साहेबांनी मला ताबडतोब घरी पाठवलं. दुपारपर्यंत डेपोची पाण्याची टाकी रिकामी झाली. संध्याकाळपर्यंत चार ड्रायव्हर रक्त तपासून आले. त्यातल्या एकाला म्हणे आपले डोळे आरशात पिवळे दिसले. आरसाच जुना होता, हे त्याला नंतर कळलं.

मंगळवारी आमच्या टायपिस्ट बाई फळं घेऊन घरी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काळजी घ्या हो. मी उद्या लेकीकडे निघणार होते, नातवाला बघायला. पंधरा दिवसांचा आहे. पण आपण एकाच माठातलं पाणी प्यायलो ना, म्हणून तिकीट रद्द केलं. बाळाला काही व्हायला नको."

त्या गेल्या. बायकोने माझ्या चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं, बायकोकडे एक. "खरूज आहे. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी हे मलम लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात. आणि ज्यांचा हात हातात घेतलात, त्यांना कळवा."

"फोनवर सांगितलं तर चालेल?" मी विचारलं.

"अर्धवट सांगून पळणार नसाल तर चालेल."

बुधवारी सकाळी पहिला फोन टायपिस्ट बाईंना केला. सगळं सांगून टाकलं. बोलताना कान पिवळ्याचे लाल झाले असावेत. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मला खाज नाहीये. तरी उद्या दाखवून घेते आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाळाला हात लावत नाही. पण भाऊ, हे तुम्हाला काल सांगता आलं नाही?"

"चुकलो," म्हटलं. त्यांनी फोन ठेवला, पण आदळला नाही.

दुसरा फोन साहेबांना. टाकी, चार ड्रायव्हर, माझी नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आणून मी म्हणालो, "साहेब, कावीळ नाही. खरूज आहे. पिवळं दिसत होतं ते हळदीच्या लेपामुळे."

पलीकडून खुर्ची करकरली, दार लावल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे," साहेब हळूच म्हणाले. "मला दोन महिने झाले. तुम्ही मनगट खाजवताना दिसलात, तेव्हाच समजलो की ही माझ्याकडूनच आली. परवा तुम्ही पिवळे होऊन आलात, तर मला इतकं बरं वाटलं, की पटकन कावीळ म्हणून मोकळा झालो."

मी मनगट खाजवत राहिलो.

"ऐका," ते म्हणाले, "त्या लेपाने काही फरक पडतो का? डॉक्टरकडे जायची मला फार लाज वाटते हो."

मी त्यांना मलमाचं नाव सांगितलं. हळदीचं प्रमाण विचारत होते, ते मात्र सांगितलं नाही.