पेटीतली खेकडी

“यंदा बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडली नाही, तर ब्रश मोडून टाकीन!” असं माधवीने लोणावळ्यात दहा जणांना ऐकवलं होतं. पाऊस लांबला, ओढे आटले की खेकडे बिळातच कसे तडफडतात, यावर तिने सात चित्रं रंगवली होती. मळवलीच्या एका बंगल्यात ती टांगली. मधोमध काचेची पेटी, तिच्यात भेगाळलेली माती आणि एक जिवंत खेकडी! पुण्याच्या गॅलरीतल्या तेजल मॅडम बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर पहिलं प्रदर्शन, नाहीतर शाळेत आंबा-केळी काढायला शिकवणं होतंच.

बंगला सांभाळणाऱ्या बयाबाईला ती म्हणाली, “मावशी, पाहुण्यांचं तुम्ही बघा. मी स्टेशनवरून त्यांना घेऊन येते.”

“बिनघोर जा, पोरी!”

परत येऊन बघते तर पेटी रिकामी! आणि स्वयंपाकघरातून खेकड्याच्या रश्शाचा घमघमाट!

माधवीच्या पायाखालची जमीनच सरकली. “मावशी, पेटीतली खेकडी...”

“आदी पाव्हणीला जेवू दे! उपाशीपोटी कुणी चित्रं बघतं व्हय?”

मॅडम जेवायला बसल्यासुद्धा. नांगी फोडून त्यांनी डोळेच मिटले. “अहाहा!”

जिच्यावरून सहा महिने चित्रं रंगवली, ती खेकडी मॅडमच्या दाढेखाली!

“मॅडम,” ती रडवेली होऊन म्हणाली, “तुम्ही माझं प्रदर्शन खाताय हो!”

मॅडमचा हात तोंडाशीच थांबला. बयाबाईने कपाळावर हात मारला.

“अगं येडे, ह्ये आमच्या खाचरातलं नर हायेत! तुजी खेकडी तू गेल्याबरूबर वड्यात सोडली. पोटाखाली पिल्लं हुती की तिच्या! तुला दिसली न्हाईत? पिल्लाची आई आमी कदी धरत न्हाई.”

माधवीला हायसं वाटलं. इतकं, की तिने मावशींना मिठीच मारली! सात चित्रांत तिने एकही पिल्लू काढलेलं नव्हतं, याची लाज तिला मग सावकाश वाटली.

जेवण उरकून मॅडमनी चित्रं पाहिली, दोनदा पाहिली. “प्रदर्शन नक्की! पुढच्या महिन्यात. आणि उद्घाटनाला हाच रस्सा!”

“त्ये न्हाई जमायचं,” बयाबाई ठसक्यात म्हणाली. “पिल्लं दिसाय लागली. आता दिवाळीपत्तूर आमच्यात खेकडा बंद. पिठलं-भाकरी देईन.”

मॅडमनी निमूट मान डोलावली. उद्घाटन बयाबाईच्याच हस्ते ठरलं; माधवीला मग कुणी विचारलंच नाही!