दप्तरी पडलेलं घर

घराची किंमत त्याच्या निगेवरून ठरते, हे तत्त्व सर्वमान्य आहे. गळकं घर स्वस्त, नेटकं घर महाग. यात कुणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो घरपट्टीही त्याच किमतीवरून ठरू लागली की. नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा अमडापुरापासून दोन कोसांवरच्या एका गावात ती तशी ठरू लागली. गावाचं नाव सांगत नाही; मला अजून तिथे जेवायला जावं लागतं.

ग्रामसेवक गुलाबरावांनी चावडीवर पत्रक वाचून दाखवलं. घरांचे वर्ग तीन: उत्तम, मध्यम आणि जीर्ण. उत्तमाला पूर्ण पट्टी, मध्यमाला निम्मी, जीर्णाला माफी. ऐकता ऐकताच रंगरावांनी बोटांवर हिशेब मांडला. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि अख्ख्या गावात इतकं नेटकं दुसरं नव्हतं. यात रंगरावांचा काडीचा दोष नव्हता, सगळा दोष बायकोचा. अन्नपूर्णाबाई दर आठवड्याला ओटा सारवायच्या, पावसाआधी धाब्याच्या सपाट छपरावर पांढरी माती टाकून घ्यायच्या, आणि भिंतीला एक पोपडा दिसला तरी त्यांना जेवण जायचं नाही.

"अवं, यंदा सारवण राहू दे," रंगराव म्हणाले.

"काऊन? घरात कोनी मेलं काय?"

"पट्टी वाढते न बाप्पा!"

"वाढू द्या. लोकं थुकतीन माह्या ओट्यावर."

"थुकू दे. थुकल्यानं वर्ग उतरते."

बाईंनी आठ दिवस भांडी आदळली, पण सारवलं नाही. तरी पाहणी समिती आली आणि 'मध्यम' लिहून गेली. शेजारच्या भाऊरावांनी मात्र आदल्याच दिवशी स्वतःच्या हातानं भिंतीचा कोपरा पाडून 'जीर्ण' मिळवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते सांगत होते. रंगरावांना ते फार लागलं. त्यांनी फेरपाहणीचा अर्ज केला आणि कुदळ हातात घेतली. दाराची एक फळी काढली, ओट्याचे दगड उपटले, आभाळ दिसेल एवढं भोक धाब्याला पाडलं. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. समितीनं या वेळी 'जीर्ण, मनुष्यवस्तीस अयोग्य' असा भरघोस शेरा दिला. रंगरावांनी पेढे वाटले.

मग काय विचारता! वर्षभरात सगळं गाव जीर्ण झालं. गुलाबरावांचं स्वतःचं घरही झालं. चारी भिंती शाबूत असलेल्या माणसाकडे लोक संशयानं पाहू लागले.

अशात बातमी आली की सरकारी दवाखान्यासाठी बाजाराजवळच्या एका चांगल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या आहेत, आणि भाडं निगेवरून ठरणार. रंगराव धावत घरी आले.

"सारव! सारव लवकर!"

बाईंना दुसरं काय हवं होतं? पंधरवड्यात भिंती लिंपल्या, धाबं बुजवलं, ओटा पुन्हा बांधला. घर आधीपेक्षा देखणं झालं, आणि खरं सांगतो, रंगरावांनाही ते पाहून भरून आलं.

बुलढाण्याहून साहेब आले. त्यांनी बसून चहा घेतला, दुसरा मागितला.

"उत्तम घर आहे," साहेब म्हणाले. मग दप्तर उघडलं. "फक्त ते पडलेलं आहे."

"साहेब, तुमी त्याच्यातच बसले हाये!"

"मी बसलोय ही माझी खाजगी बाब झाली. दप्तरी हे घर मनुष्यवस्तीस अयोग्य आहे, आणि बाजाराच्या तोंडाशी असलं घर म्हणजे लोकांच्या जिवाला धोका. पंधरा दिवसांत पाडावं लागेल."

"पन दुरुस्त केलं न जी!"

"परवानगीशिवाय? आणि जीर्ण घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळत नाही. नियमच तसा आहे."

माणूस वाईट नव्हता. रंगरावांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी बॅगेतून एक छापील कागद काढला. घर प्रत्यक्षात उभं आहे, असं गावातल्या पाच घरमालकांनी सही करून द्यायचं. मग आदेश रद्द.

रंगरावांचा जीव भांड्यात पडला. घर उभं आहे हे तर आंधळ्यालाही सांगता आलं असतं. ते थेट भाऊरावांकडे गेले.

"सही करतो गा," भाऊराव म्हणाले, "पन मग साहेब इचारीन, याचं उभं हाये तं तुमचं कसं पडलं? त्याले काय सांगू?"

"भाऊ, माह्यं घर जाऊन राह्यलं रे!"

"तेच म्हनतो मी. तुह्यं एकट्याचं जाऊन राह्यलं. काऊन सगळ्याइचं घालवतं?"

रंगराव चौदा दिवस दारोदार फिरले. प्रत्येकानं बसायला दिलं, चहा पाजला, साहेबाला शिव्या दिल्या. सही कुणी केली नाही. गुलाबरावांनी तर शाई संपल्याचं सांगितलं.

पंधराव्या दिवशी सकाळी कुदळीवाले आले. सारा गाव जमला, हळहळला. अगदी मनापासून हळहळला. अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहिल्या आणि एकेकाकडे पाहत म्हणाल्या, "अरे, एकाले तरी माह्यं घर दिसून राह्यलं का?"

पहिली कुदळ ओट्यावर पडली.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर पुढे होऊन सही केली असती. करा की! तो कागद अजून कोराच आहे. फक्त सहीखाली तुमच्या घराची किंमत लिहायची आहे. खरी हो, खरेदीखतात लिहिलेली नव्हे.