बंब फुटला!

पाणी किती तऱ्हांनी बाहेर पडतं आणि त्या प्रत्येक तऱ्हेला इंग्रजीत काय म्हणतात, हे अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात हेमलताबाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं! थेंब थेंब आलं तर ड्रिप, बारीक धार लागली तर ट्रिकल, चिळकांडी उडाली तर स्पर्ट आणि भडाभडा कोसळलं तर गश. शाळेत हे शब्द त्या नुसते सांगत नसत, तांब्या घेऊन करून दाखवत. पहिल्या बाकावरच्या मुली ओल्या वेण्या घेऊन घरी जात! निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, पण एकेका धारेला वेगळं नाव देणाऱ्या त्या इंग्रजांचं त्यांना अजून नवल वाटे.

म्हणूनच अंबरीशच्या अटीला त्या घाबरल्या नव्हत्या. बंगलोरला नोकरी करणारा हा एकुलता एक मुलगा. दिवाळीत येऊन त्याने बजावलं होतं, "आई, तो बंब आता एकदा जरी लीक झाला ना, तर गीझर!"

बंब म्हणजे हेमलताबाईंचा जीव. लग्नात नागपूरहून आलेला, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. चिंचेने घासला की न्हाणीघरात सूर्य उगवल्यासारखा वाटे. अंबरीशची पहिली अंघोळ त्याच्याच पाण्याने झाली होती. फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या यजमानांनी, मुरलीधररावांनी तर गच्चीवरच्या टाकीचा पाइप थेट बंबाला जोडून दिला होता. असा बंब लीक होईल? शक्यच नाही!

आणि थंडीतल्या एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "अगं ए! बंब पेटवायच्या आधीच तोटी हातात आली!"

हेमलताबाई धावल्या आणि दारातच थबकल्या. अहाहा! बंबातून मनगटाएवढी धार सुटली होती. समोरच्या भिंतीवर आपटून ती छतापर्यंत उसळत होती आणि तुषार होऊन मुरलीधररावांच्या टकलावर उतरत होती. झरोक्यातून ऊन आलं होतं, त्यात चक्क छोटंसं इंद्रधनुष्य! लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी धुआंधार धबधबा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पाण्याचा तो धूर बघून त्यांना वाटलं होतं, नर्मदामैयाने खाली चूल पेटवली आहे. तसंच आज पुन्हा झालं.

"काय बघून राहिली? गच्चीवरचा कॉक बंद कर!" भोकावर दोन्ही तळवे दाबून मुरलीधरराव ओरडले.

"अहो, इंद्रधनुष्य..."

"अगं, मी गारठून राहिलो!"

गुडघ्यांमुळे हेमलताबाईंना गच्चीचा जिना झेपत नसे. त्यांनी खिडकीतून शेजारच्या शैलेंद्रला हाक मारली, "भैया, जल्दी आओ! हमारा बंब फूट गया!"

हिंदीत बंब नाही, बम आहे, म्हणजे बॉम्ब. आणि मुरलीधररावांची फॅक्टरी तोफगोळ्यांची, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. शैलेंद्रच्या हातातला चहा सांडला.

"बम? चाचाजी घर में रखे थे?"

"हाँ हाँ, शादी से! बाथरूम में!"

"क... कितने हैं?"

"एक ही है. माँ ने दहेज में दिया था!"

"और चाचाजी?"

"हाथ से दबाके बैठे हैं. छोड़ेंगे तो सब उड़ जाएगा!"

आई, बायको, स्कूटर, सगळं घेऊन शैलेंद्र रस्त्याच्या पलीकडे गेला. त्याच्यामागे गल्ली रिकामी झाली!

हेमलताबाईंना वाटलं, भैया गच्चीवर गेला. आता काळजी एकच. शैलेंद्र अंबरीशच्या वर्गातला, त्याने कळवायच्या आत आपणच कळवायला हवं. पण लीक हा शब्द टाळून! आणि खरंच, हे लीक होतं कुठे? ही तर स्पर्ट! बंबाला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून त्यांनी भांड्यासाठी भारदस्त शब्द निवडला, व्हेसल. मग इंग्रजीत टाइप केलं, 'बाबांच्या हातात व्हेसल फुटलं. फक्त स्पर्ट आहे. त्यांनी हाताने दाबून धरलंय.' पण शिक्षिकेचा प्रामाणिकपणा! जरा वेळाने आणखी एक ओळ गेली, 'आता गश होतंय.'

इंग्रजी शाळेत शिकलेल्या अंबरीशने भर मीटिंगमध्ये हे वाचलं. व्हेसल म्हणजे त्याच्या लेखी रक्तवाहिनी. बाबांची रक्तवाहिनी फुटली, आधी चिळकांडी, आता भडाभडा! त्याने फोनवर फोन केले, पण आईच्या ओल्या बोटांनी फोन काही उचलला जाईना. शेवटी त्याने तिथूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

थोड्याच वेळात सदर भागातून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर घेऊन दोघं जण आत घुसले.

"खून कहाँ से बह रहा है?"

"खून?" कुडकुडत मुरलीधरराव म्हणाले. "अरे भाई, पानी है!"

त्यांच्यातला एक गच्चीवर पळाला, त्याने कॉक फिरवला. धार खाली आली, बारीक झाली, थांबली. शैलेंद्र दबकत आत आला, बंबाला बोट लावून म्हणाला, "आंटीजी, ये बम है?"

तेवढ्यात त्याच्याच फोनवर अंबरीशचा व्हिडिओ कॉल. बाबांना उभं बघताच त्याला रडू फुटलं. "आई, ठेव तो बंब! मी पुन्हा गीझरचं नावसुद्धा काढणार नाही!"

जिंकले! हेमलताबाईंनी बंबावरून हात फिरवला. तोच मुरलीधररावांनी फोन हिसकावला. "ए अंबरीश! मला काहून विचारत नाही कोणी? लग्न झालं तेव्हापासून पहाटे उठून लाकडं फोडून राहिलो! धूर खाऊन राहिलो! राख उपसून राहिलो! हिच्या माहेरचा म्हणून तोंड शिवून बसलो. आजच्या आज गीझर पाठव! दोन पाठव, एक बिघडला तर दुसरा!"

या माणसाला एका दमात एवढं बोलताना हेमलताबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. धुआंधार बघावा तशा त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग हळूच फोनजवळ सरकून म्हणाल्या, "अंबरीश, तांब्याच्या रंगात मिळतो का रे, तेवढं बघ."