सायकलीची खांदेमळणी

माझ्या हातचं तेल लागलेलं यंत्र आजपर्यंत कधी अडलेलं नाही. छातीवर हात ठेवून सांगतो! चौसाळ्यात माझी पिठाची गिरणी आहे, बावीस वर्षं झाली. पट्टा करकरला की तेल, बेअरिंग रडलं की ग्रीस. शेजारचा पाळणा कुरकुरला तरी लोक मलाच हाक मारतात, "तिरंबकराव, बाटली घेऊन या!" भजनी मंडळाच्या पेटीचा भाता, शाळेचं फाटक, पाण्याचा हापसा, गावात जे जे म्हणून हलतं त्या सगळ्याला माझं तेल लागलेलं आहे. मग माझ्या जिवाभावाच्या मित्राची सायकल, तीही परदेशी निघालेली, माझ्या तावडीतून कशी सुटणार?

सुटली असती तर किती बरं झालं असतं, मंडळी!

हा मित्र म्हणजे सोमनाथ. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. शेरडं राखणाऱ्यांच्या घरातला. आता गावचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. पाच वर्षांपूर्वी बीडच्या एका डॉक्टरांनी पोट कमी करायला डोंगरातली सायकल घेतली. पोट राहिलं, हौस तेवढी कमी झाली. ती सायकल सोमनाथकडे आली. रेड्याच्या मानेसारखे जाड टायर, पुढं दणके खाणारे दांडे आणि मोजता मोजता दमावं इतके गिअर! लहानपणी ज्या वाटांनी तो शेरडांमागं पळायचा, त्याच वाटांनी तो आता सायकल उतरवू लागला. शेळ्यासुद्धा तोंडातला पाला विसरून बघत राहायच्या.

मग साताऱ्याकडच्या एका शर्यतीत गडी चाळिशीच्या वरच्यांत पहिला आला, आणि त्याला बोलावणं आलं थेट कझाकस्तानातून! तिकडच्या डोंगरात चाळिशीवाल्यांची शर्यत होती. कझाकस्तान कुठं, ते चौसाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळाचा मृदंगवाला बंकट, ज्याचं स्टँडवर चहाचं हॉटेल आहे, म्हणाला, "गेवराईच्या पुढं आसंल."

"लई पुढं," सोमनाथ म्हणाला.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा मी तिथंच होतो.

"तिकडं कशाला चाललात?"

"सायकल खेळायला."

"कावून? इथं रस्ते न्हाईत का?"

"हायत की सायेब. पण इथले खड्डे पाठ झालेत."

पासपोर्ट आला. सोमनाथच्या आईनं, साखराबाईनं, तो देव्हाऱ्यात ठेवला आणि वर कुंकवाचं बोट ओढलं! सोमनाथ ते पुसता पुसता मला म्हणाला, "आईला कळत न्हाई, तुला तरी कळू दे बे. कागदाला, सायकलीला, कशालाच काय लावायचं न्हाई."

"लावतंय कोण?" मी म्हणालो.

आणि म्हणालो तेव्हा मनापासून म्हणालो. देवाची शपथ!

पण श्रावणातला सप्ताह लागला. आता माझं कीर्तनाचं वेड तुम्हाला सांगायला हवं. पंचक्रोशीत कुठंही वीणा उभी राहिली की माझी गिरणी बंद. बायका दळणाचे डबे घेऊन दारात, आणि मी पार तिसऱ्या गावात टाळ घेऊन उभा. त्या दिवशी महाराजांनी पोळ्याचा दृष्टांत घेतला. काय तो आवाज! काय ती चाल! म्हणाले, "उद्या बैलाच्या खांद्याला तेल-हळद लावाल. का? तर वर्षभर तो तुमचं ओझं वाहतो. अरे, पण ज्यानं ज्यानं तुमचं ओझं वाहिलं, त्याचा खांदा तुम्ही कधी विचारलात का?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. जू घासून घासून सोललेल्या खांद्यावर तेल-हळद चोळायची, "आज चोळतो, उद्या जेवायला ये" असं त्याच्या कानात सांगायचं. आणि सोमनाथचं ओझं कोण वाहतं? सायकल! मला तिथंच साक्षात्कार झाला. महाराज पुढं बोलले ते आईबापांविषयी होतं, अगदी स्पष्ट होतं, असं संगीता, म्हणजे आमची मंडळी, नंतर म्हणाली. पण तोवर मी करडीचं तेल किती लागेल याच्या हिशोबात बुडालो होतो. महाराजांचा काडीचाही दोष नाही. अर्धंच कीर्तन ऐकणाऱ्याचं असंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ सायकल घेऊन स्वतःच दारात! घरी शेरडं तिच्या मुठी चघळत होती म्हणे.

"आजच्या दिस गिरणीत ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी कपिलधारच्या डोंगरावर एक शेवटची फेरी मारतो, मग खोक्यात भरतो. चौथ्या दिशी विमान हाय. आणि त्रिंबक..."

"काय?"

"हात लावू नको."

"बरं."

संध्याकाळी घरोघर खांदेमळणी सुरू झाली. मी लाकडी घाण्याचं करडीचं तेल कोमट केलं, हळद कालवली आणि सायकलीपुढं बसलो. आता प्रश्न पडला, हिचा खांदा कोणता?

"आवं, त्यांनी हात लावू नका म्हणलंय ना?" संगीता म्हणाली.

"हात कुठं लावतोय? तेल लावतोय."

"मग मुठीला लावा. ती शिंगं दिसतेत."

"शिंगाला बेगड लावतेत. खांदा म्हंजी जिथं वजन येतं तिथं!"

वजन येतं आसावर. वाकून पाहिलं तर दोन्ही चाकांच्या आसाला चिकटून एकेक पोलादी चकती, भोकाभोकांची, आमच्या पुरणाच्या चाळणीसारखी. बोट फिरवलं. कोरडी ठक्क! तेलाचा टिपूस नाही!

"बघ," मी म्हणालो, "एवढी भारी गाडी आन् मेन जाग्यालाच तेल इसरलाय, येडा!"

मग मी दोन्ही चकत्या चोळल्या. अशा चोळल्या, अशा चोळल्या, की खऱ्या बैलाला हेवा वाटावा. प्रत्येक चकतीला दोन्ही बाजूंनी दोन इवल्याशा वड्या टेकलेल्या होत्या. त्यांच्यात, लेकराच्या कानात सोडावेत तसे, दोन दोन थेंब सोडले. मुठींना बेगड लावली, गोंडे बांधले, पुढच्या दांड्यापाशी तोंड नेऊन म्हणालो, "आज चोळतो, उद्या जेवायला ये." संगीतानं कपाळावर हात मारला. मला वाटलं, तीही भावुक झाली.

सकाळी सोमनाथ यायच्या आत बेगड-गोंडे काढले, हळद पुसली. तेल मात्र मुरलं होतं. तेल काही दिसत नाही, आणि न दिसणारी सेवा देवाला जास्त आवडते, असं मी स्वतःला समजावलं.

सायकल दुधाच्या पिकअपमध्ये टाकून आम्ही डोंगरावर नेली. सोमनाथनं ब्रेकची दांडी दाबून पाहिली. कडक लागली. त्याचं समाधान झालं, माझं तर कालच झालं होतं.

मी पिकअपमधून खाली आलो, कारण तिथं मी एक गंमत ठेवली होती. बंकट मृदंगासह आणि आमचे चार टाळकरी सकाळपासून वाट अडवून उभे होते! मित्र परदेशी चाललाय, तर टाळ-मृदंगाच्या गजरात उतरला पाहिजे की नाही? कपिलधारच्या धबधब्याला आलेले भाविकही जमले. मी मधोमध उभा राहिलो आणि टाळ धरला.

वर धुरळा दिसला. त्या वळणावर सायकल नेहमी किंचाळते. आज गप्प!

"बघ बंकट," मी म्हणालो, "कुरकुर गेली का न्हाई?"

"काय येग हाय!" बंकट म्हणाला आणि त्यानं लय वाढवली.

सोमनाथ दिसू लागला. दोन्ही पाय जमिनीला घासत होता, तोंड उघडं होतं, एक हात वर करून काहीतरी ओरडत होता. कीर्तनात रंग चढला की माणूस असाच हात वर करतो. आम्ही सगळ्यांनी हात वर केले! भाविकांनीही केले! कुणीतरी "माउली!" म्हणालं.

"सरका!" सोमनाथ ओरडत होता. "सरका बे! ब्रेक लागंना!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण सरकायला वेळ नव्हता. आम्ही सहा जण वाटेत, मागं लेकुरवाळ्या बाया. सोमनाथनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सायकल डावीकडे घातली. तरवडाचं झुडूप, त्यामागं दगडी बांध. सायकल झुडपात राहिली, सोमनाथ बांधापलीकडं गेला.

सगळं चिडीचूप झालं. एक टाळ तेवढा वाजत होता. बंकटनं नंतर सांगितलं, तो माझा होता.

बीडच्या दवाखान्यात फोटो काढला. खांद्याचं हाड दोन जागी. सायकलीचा खांदा मला सापडला नव्हता. सोमनाथचा मात्र बरोब्बर सापडला!

"सहा आठवडे हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"सायेब, तीन दिसांनी विमान हाय."

"विमान जाईल," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर सोमनाथनं सायकल खाटेपाशी आणायला लावली. बऱ्या हाताचं बोट चकतीवरून फिरवलं, नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगत राहिला.

"त्रिंबक, हे करडीचं हाय का बे?"

"लाकडी घाण्याचं," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं!

"ब्रेक हाय ते. ब्रेक! कोरडं ठिवावं लागतंय. रोज पुसतो मी ते."

"मला वाटलं, खांदा हाय."

त्यानं बोट चादरीला पुसलं. लहानपणापासून त्यानं मला हजार शिव्या दिल्या असतील. त्या दिवशी एकच दिली असती तरी मला झोप लागली असती.

विमानाच्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. अंगणात लिंबाखाली बाजेवर पडला होता, हात गळ्यात. साखराबाईनं देव्हाऱ्यातला पासपोर्ट काढून ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला. ट्रंकेचं झाकण कुरकुरलं, आणि मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मला तेल घालावंसं वाटलं नाही. सोमनाथनं घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता बसलो आसतो," म्हणाला.

एवढंच. महाराजांचे दृष्टांत ऐकून मी खूप रडलो आहे. पण त्या तीन शब्दांना रडलो तसा कधी नाही. त्यात साखराबाई मला धीर द्यायला म्हणाली, "तिरंबका, रडू नको लेकरा. बस इथं, त्येच्या खांद्याला जरा तेल चोळ."

"न्हाई!" सोमनाथ असा ओरडला की शेरडांनी दावी तोडली.

सहा आठवडे मी त्याच्याऐवजी दूध गोळा करून डेअरीला घातलं. पहाटे स्कूटीला कॅन लटकवून दारोदार जायचं, बायका विचारायच्या, "सोमनाथभाऊ कझाकस्तानला गेले का?" आणि मी माप ओतताना खाली बघायचो. त्या सगळ्या काळात कीर्तनाला गेलो, पण मागं बसलो, टाळ न घेता. आणि शेवटपर्यंत ऐकलं.

पण देव दयाळू आहे आणि पासपोर्ट दहा वर्षं चालतो! हाड जुळलं, सोमनाथ पुन्हा डोंगरावर गेला, आणि यंदा पुन्हा बोलावणं आलं. मी सायकलीपासून वीस हात लांब राहायचो. ती गिरणीवरून गेली तर हात मागं बांधायचो. एक दिवस भीत भीत विचारलं, "कधी निघतो?"

सोमनाथनं जरा विचार केला. "बुधवारी. सकाळी सातच्या गाडीनं."

"निरोपाला येऊ का? नुसता हार-नारळ. दुसरं काय न्हाई."

"ये की," तो म्हणाला आणि चक्क हसला. वर्षभरात पहिल्यांदा! मला भरून आलं.

बुधवारी साडेसहालाच हार-नारळ घेऊन स्टँडवर हजर. सात वाजले, गाडी आली, गेली. सोमनाथचा पत्ता नाही. शेवटी बंकट हॉटेलातून कप विसळत म्हणाला, "कुणाची वाट बघतो? सोमनाथ सोमवारीच गेला की! मीच चहा पाजला त्याला."

मी हातातल्या हाराकडे पाहिलं. आता हार परत नेऊ नये म्हणतात. घातला माझ्याच स्कूटीला, आणि तिच्याच चाकाशी नारळ फोडला. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर सोमनाथ! मागं बर्फाचे डोंगर, हातात सायकल, चकत्या लखलखीत कोरड्या.

"आलतास का स्टँडवर?"

"आलतो."

"राग आला का?"

"न्हाई बे," मी म्हणालो, आणि खरंच नव्हता आला. "चांगलं केलंस."

"परवा शर्यत हाय. नारळ फोडला का?"

"फोडला. माझ्याच स्कूटीला."

तो थांबला. डोंगरांसकट थांबला.

"नुसता नारळच ना?"

मी खिशातल्या बाटलीचं बूच नीट बसवलं.

"त्रिंबक?"

"दोनच थेंब," मी म्हणालो. "चाकाला. सवयीनं."

"मग आज घरी चालत जा," सोमनाथ म्हणाला.

मी गेलो. स्कूटी ढकलत, हारासकट.