लाल-पांढऱ्या खुंट्या

ड्रिलमास्तर दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून, "निघालो गं" असं ओरडून घराबाहेर पडले आणि चहाचा कप विसळून होण्याच्या आत परत आले. वल्ही त्यांनी व्हरांड्यात अशी आदळली की बायको ओल्या हातांनीच धावत आली.

"काय झालं?"

"दोरी बांधलीय!"

"कुणाला?"

"समुद्राला!"

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, त्यांचा आवाज मात्र अजून नोकरीत होता. पोरांना रांगेत उभं करण्यात ज्याची हयात गेली, त्याला आपल्यासमोर कुणी रेघ मारलेली कशी खपणार? त्यातून ही रेघ मारली होती टाइल्सवाल्याने.

गल्लीच्या टोकाला वाळूचा छोटासा किनारा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते काळे, धारदार खडक. होडी पाण्यात ढकलायची तर याच वाळूवरून, दुसरी जागाच नव्हती. मास्तरांची लहानशी होडी वर्षानुवर्षं तिथेच पालथी पडलेली असे आणि तिला कुणी हटकलं नव्हतं. मग टाइल्सच्या धंद्यात वर आलेल्या एका गृहस्थाने किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बंगला बांधला, पुढे हिरवळ लावली, हिरवळीवर झोपाळा टांगला आणि आज पहाटे वाळूत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधली. मधोमध पाटी: 'खासगी किनारा. होड्या व कुत्री आणू नयेत.'

"आणू नयेत म्हणे!" मास्तर येरझाऱ्या घालत गरजले. "होडी मी आणतो का? होडी तिथेच असते! आणि कुत्र्याला मी कुठे आणतो? कुत्रं मला आणतं!"

कुत्रं म्हणजे पिंप्या. नाव आकारावरून पडलेलं. तो म्हातारा झाला होता, मागचे पाय आखडले होते, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढायच्या तरी आधी उभा राहून विचार करायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्यांनी फार फरक पडणार नाही. याला रोज पोहू द्या, तरच चालता राहील." तेव्हापासून मास्तर सकाळी होडी वल्हवत आणि पिंप्या मागून पोहत येई. मग मास्तर दांडकी फेकत. निवृत्तीच्या वेळी शाळेने त्यांना रिले शर्यतीची जुनी लाकडी दांडकी देऊन टाकली होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. "आण!" म्हटलं की पिंप्या झेपावायचा आणि दांडकं आणून होडीपाशी टाकायचा. पाण्यात शिरलं की त्याचं वय गळून पडायचं. मास्तरांना दिवसभरात आनंद असा तेवढाच व्हायचा, बाकीचा दिवस ते रागावलेलेच असत.

ते तसेच उलट पावली किनाऱ्यावर गेले. टाइल्सवाला हिरवळीला पाणी घालत होता.

"शेठ, दोरी काढा!"

"का काढू? जागा माझी आहे. कागद आहेत माझ्याकडे."

"भरती येते तिला दाखवता का हो कागद? दारात थांबून वाचते का ती?"

"मास्तर, आवाज खाली. तुमच्या कुत्र्याचे केस पडतात माझ्या वाळूत."

"तुमच्या वाळूत? कुठल्या दुकानातून आणलीत? मापून घेतलीत ना नीट?"

"होडी आजच्या आज उचला. नाहीतर मी उचलायला लावीन!"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण होडीला ओरखडाही आलेला त्यांना सोसला नसता. ती हातगाडीवरून घरी आली आणि अंगणात पालथी पडली, नेमकी कपड्यांच्या दोरीखाली. आता बायकोला चादर वाळत घालायची तर होडीवर चढावं लागे.

"त्या माणसाची दोरी तुम्हाला खुपते आणि माझी दोरी तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. ते खरं असल्यामुळे मास्तर आणखीच भडकले.

पिंप्याला पोहवायचं कसं? मास्तरांनी कपडे धुवायचा टब भरला आणि त्याला उचलून आत ठेवलं. पिंप्या बसला आणि टबातलं पाणी बाहेर आलं, सगळं. कोरड्या टबात तो मास्तरांकडे बघत राहिला. आठवडा होत आला तेव्हा त्याला पायऱ्यांवरून उचलून घ्यावं लागू लागलं. एवढा दांडगा कुत्रा कुशीत शिरून कण्हायचा, तेव्हा मास्तर त्याचे पाय चोळत टाइल्सवाल्याला शिव्या द्यायचे.

सकाळी बायको त्याला उचलून फाटकाबाहेर सोडी. तो बराच वेळाने परते. त्या पायांनी वेळ लागणारच, असं म्हणून कुणी त्याचा विचार केला नाही.

एके दिवशी टाइल्सवालाच फाटकात उभा.

"मास्तर, माझ्या खुंट्या द्या!"

"कसल्या खुंट्या?"

"रोज एक गायब होतेय. दोरी वाळूत लोळतेय. तुमच्याशिवाय कोण नेणार?"

"मी? चोर?" मास्तरांचा आवाज असा चढला की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "अहो, मी ढकलली तर तुमची भिंत ढकलीन, दिवसाढवळ्या! खुंट्या कसल्या चोरतोय? माझ्या अंगणात तुमची एक खुंटी सापडली तर या मिश्या उतरवून तुमच्या हातात देईन!"

मिश्या भरघोस होत्या. त्यांना घाबरून शाळेतली पोरं आपोआप सावधान होत. टाइल्सवाला त्यांच्याकडे एकवार पाहून निघून गेला.

दुपारी झाडता झाडता बायकोने झाडू होडीखाली घातला. तो कशाला तरी अडला. तिने वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मिश्या गेल्या तुमच्या."

होडीखाली लाल-पांढऱ्या खुंट्यांचा ढीग होता, एकावर एक रचलेला. शेजारी पिंप्या शेपटी हलवत, शाबासकीची वाट बघत बसला होता.

दुसरा कुणी असता तर त्याने खुंट्या चुलीत घातल्या असत्या. मास्तर रागीट होते, भांडखोर होते, पण चोर नव्हते, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच ते खुंट्यांचा भारा घेऊन किनाऱ्यावर गेले आणि दगडाने एकेक परत ठोकू लागले. तिसरी ठोकत असतानाच वरून पायऱ्यांवर आवाज आला.

"बघा साहेब! रंगेहाथ!"

टाइल्सवाल्याने तक्रार करून नगरपालिकेच्या मोजणी साहेबांना बोलावलं होतं. साहेब टोपी सावरत, टेप घेऊन खाली उतरले.

"मी काढत नाहीये! ठोकतोय!" मास्तर ओरडले.

"माझ्या खुंट्या ठोकायचा तुम्हाला काय अधिकार?" टाइल्सवाला ओरडला.

"मग काढू?"

"हात लावून तर बघा!"

एवढ्यात पिंप्या मागून लंगडत आला. मास्तरांनी ठोकलेली पहिली खुंटी त्याच्या तोंडात होती. ती त्याने मास्तरांच्या पायाशी ठेवली, तसाच वळला आणि दुसरी आणायला निघाला.

मग टाइल्सवाल्याने नुसता हात पुढे केला आणि म्हणाला, "मिश्या."

"थांबा," साहेब म्हणाले. "ते तुमचं घरगुती. खुंट्या निघाल्या म्हणजे हद्द राहिली नाही. नव्याने मोजावं लागेल. मोठ्या भरतीचं पाणी पोहोचतं तिथपर्यंत सार्वजनिक."

साहेबांनी खडकावरची भरतीची खूण शोधली आणि टेप धरली. टेप दोरीच्या पुढे गेली. वाळू संपली तरी टेप संपेना. ती पायऱ्या चढली, हिरवळीत शिरली आणि झोपाळ्याखाली जाऊन थांबली.

"इथपर्यंत," साहेब म्हणाले.

"माझा झोपाळा?" टाइल्सवाल्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"सार्वजनिक!" मास्तर एवढ्या जोराने ओरडले की खडकावरचे पक्षी उडाले.

पण शब्द म्हणजे शब्द. घरी येऊन मास्तरांनी मिश्या स्वतः उतरवल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि टाइल्सवाल्याच्या हातात नेऊन दिल्या. परत आले तेव्हा पिंप्या त्यांच्यावर भुंकला. बायको स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बरे दिसताय." विजयाच्या दिवशी ऐकावं असं ते वाक्य नव्हतं.

आठवड्याने कागद झाले. मास्तरांनी होडी हातगाडीवर चढवली, पिंप्याला होडीत बसवलं, वल्ही खांद्यावर घेतली आणि मिरवणूक निघाल्यासारखे गल्लीतून निघाले.

किनाऱ्यावर साहेब उभे होते. नगरपालिकेच्या माणसाने वाळूत एक लाल-पांढरा खांब उभा केला, त्यावर हातोड्याचे दोन ठोके मारले आणि तो हात झटकत बाजूला झाला. खांबावर पाटी होती: 'सार्वजनिक किनारा. सर्वांसाठी खुला. होड्या व कुत्र्यांना सक्त मनाई.'

मास्तरांनी ती वाचली. पुन्हा वाचली.

"हे काय आहे?"

"नियम."

"अहो, जागा सर्वांची झाली ना?"

"झाली ना. सर्वांची म्हटली की नियम आले. खासगी होती तोवर मालकाची मर्जी, आता आमची."

"मग भांडलो कशाला मी? झोपाळ्यावर बसायला?"

"झोपाळ्यावर बसायलाही वेळ ठरवून देणार आहोत," साहेब शांतपणे म्हणाले.

मास्तर तोंड उघडणार, तोच त्यांच्या मागून त्यांच्याहून मोठा आवाज आला.

"काय चाललंय काय? दिवसाढवळ्या लूट आहे ही!"

टाइल्सवाला होता. त्याच्या एका काखेत नातीचं कुत्र्याचं पिल्लू होतं आणि मागे बंगल्याच्या फाटकाबाहेर ट्रेलरवर नवीकोरी मोटरबोट. दोरी बांधली होती ती हिच्यासाठी, निवांत पाण्यात सोडता यावी म्हणून. तो नगरपालिकेला, साहेबांना, साहेबांच्या टेपला नावं ठेवत सुटला. मास्तर ऐकत राहिले. आवाज पोटातून येत होता, श्वास कुठे तुटत नव्हता. माणूस शाळेत असता तर संचलनाला पुढे उभा केला असता, असं त्यांना वाटून गेलं आणि असं वाटल्याचा पुन्हा राग आला.

"तक्रार असेल तर अर्ज करा," साहेब टेप गुंडाळत म्हणाले. "पाटी जागेवर आहे तोवर नियम लागू." आणि हातोडेवाल्या माणसाला घेऊन ते निघून गेले.

दोघं पायरीवर बसले. पायरी आता दोघांचीही नव्हती. मधे पिंप्या, मागचे पाय एका बाजूला टाकून. पिल्लू त्याचा कान चावत होतं. समोर ओहोटी लागली होती, पाणी शांत, होडी घालावी असं.

"याचे पाय..." टाइल्सवाला म्हणाला. "एवढे आखडले कधीपासून?"

"पोहणं बंद झाल्यापासून," मास्तर समुद्राकडे बघत म्हणाले.

टाइल्सवाला वाळूवर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत बसला. मग त्याने वर पाहिलं, मागे पाहिलं, गल्लीत कुणी नाही याची खात्री करून घेतली.

"मास्तर, तो अजून आणतो का हो?"

मास्तरांचा हात सवयीने मिशीकडे गेला आणि रिकामाच परत आला. "आणतो. एक शब्द सांगावा लागतो."

"मग सांगा की."

"मी नाही. माझ्या मिश्या गेल्यात एकदा. तुम्ही सांगा."

टाइल्सवाल्याने खाकरून घसा साफ केला, लाल-पांढऱ्या खांबाकडे बोट केलं आणि कुजबुजला, "आण."

आणि पिंप्या, कुणी हात न लावता, उठला.